हरलेल्या संघाची नावं

कोच, तुमच्यावर दोनशे शब्द लिहून द्या, असा निरोप आला. आपल्याच पेपरातून. आता डेस्कवर बसतो तो मुलगा सभ्य आहे, फोनवर दोनदा म्हणाला, "मॅडम, दोनशेच हं." जन्म कधी, शिक्षण कुठे, पश्चात कोण. लिहायला बसले तर लक्षात आलं की तुमची जन्मतारीखच मला ठाऊक नाही. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "शाळेत टाकलं तवा मास्तरनं लिहिली ते एक हाये. खरी कोनाले मालूम, बाई?" मग तीच मास्तरांची तारीख लिहून दोनशे शब्द पाठवून दिले. कॉलेजातले पहिले फुटबॉल प्रशिक्षक, नंतर क्रीडा पत्रकार, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तुम्ही वाचलं असतंत तर फोन करून माझी खरडपट्टी काढली असती.

हे लिहितेय ते वेगळं. हे तुम्हाला लिहितेय आणि याला शब्दमर्यादा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं कापत आले, आज माझ्यावर कात्री चालवायला कुणी नाही.

आणि एक कबुलीही द्यायची आहे. तीस वर्षं मी तुमच्याशी एक खोटं बोलत आले. मोठं नव्हे, एका वाक्याचं. पण त्या वाक्यापायी तुम्ही वर्षभर आमच्याकडे पाय टाकला नाहीत, आणि मी गप्प राहिले. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही गप्प, परवा तुमच्या तेरवीचं जेवण जेवले तेव्हाही गप्प. आता सांगते. पण माझ्या चालीनं सांगू द्या.

तुम्ही पहिल्यांदा चंद्रपूरच्या ऑफिसात आलात तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डेस्कवरची एकटी बाई. स्थानिक खेळांचा दीड कॉलम माझ्या गळ्यात पडला होता, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेही कुणाला महत्त्वाचं वाटत नव्हतं. तुम्ही आलात ते ब्रह्मपुरीच्या एसटीनं, कॅनव्हासच्या बुटांना चिखल, गळ्यात शिट्टी आणि हातात चार पानं लिहिलेली बातमी. संपादकांनी ती लांबूनच पाहिली. म्हणाले, "मास्तर, फुटबॉल आपल्याकडे वाचतं कोण?"

तुम्ही म्हणालात, "वाचाले काई असन त वाचन न साहेब कोनी."

धानाच्या पट्ट्यात फुटबॉल खरंच कुणी पाहिला नव्हता. बल्लारपूरला, आमच्या मिल कॉलनीत, खाणींकडे तो होता. तुमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, फार तर व्हॉलीबॉल. तुम्ही नागपूरला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला गेलात आणि परत येताना एक चेंडू घेऊन आलात. कॉलेजानं विचारलं, हे काय? तुम्ही सांगितलंत, नवा विषय आहे. त्या एका चेंडूवर तुम्ही दोन वर्षं काढलीत. त्याला चांभाराकडून इतकी ठिगळं लावलीत की तो सरळ जाईनासा झाला. तरी पोरं त्याच्याशीच खेळली, आणि पुढे त्यांना सरळ जाणारा चेंडू मिळाला तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

संपादकांनी तुम्हाला टाळण्यासाठी सांगितलं, "बातम्या तुम्हीच फोनवर सांगत जा, या नलूबाईंना." तुम्ही ते मनावर घेतलंत. तिथून आपलं सुरू झालं.

बसस्टँडजवळच्या बूथवरून तुमचा फोन यायचा. "लिवा नलूबाई." आणि लगेच नावं. आधी हरलेल्या संघाची अकरा, मग जिंकलेल्यांची अकरा, आणि मग गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला. मागे रांगेतले लोक वैतागायचे, मला ऐकू यायचं. एकजण एकदा म्हणाला होता, "अजी भाऊ, लग्नाची पत्रिका वाचून राह्यले काजी तुमी?"

मी विचारलं, आधी नावं का? बातमी म्हणजे निकाल आधी.

"लाईन कवाबी कटते, बाई. गोल किती झाले ते त उद्या पानठेल्यावर बी समजते. नावं कोन सांगनार?"

"मग जिंकलेल्यांची आधी सांगा."

"जितले त्यायची त लोकं सांगतेतच न."

यावर आपण किती भांडलो! मी म्हणायची, कोच, दीड कॉलमात बावीस नावं, ही बातमी आहे की हजेरीपट? तुम्ही म्हणायचात, "हजेरीच हाये. पोट्टे हजर होते, एवढंच त सांगाचं हाये लोकायले." तुमचा दुसरा नियम त्याहून विचित्र. कुणी चुकलं तर बातमीत त्याचं नाव घ्यायचं नाही. 'एका बचावपटूच्या हातून चेंडू सुटला.' कोणत्या? ते सांगायचं नाही. नाव फक्त यादीत, तिथे सगळे सारखे. मी म्हणायची, वाचकाला कळायला नको का? तुम्ही म्हणायचात, ज्याचं चुकलं त्याला कळलं की बस.

तुमच्या बातम्यांत 'बांधीतला खेळ' असा शब्द यायचा. मी मिलच्या फिटरची मुलगी, मला बांधी कुठून माहीत? विचारलं तर म्हणालात, "फोनवर नाई समजनार. रविवारी या."

आले. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून झालं होतं. कॉलेजच्या मैदानावर कसलीशी सभा होती म्हणून तुम्ही पोरांना गावाबाहेर नेलं होतं. बांध घातलेला धानाचा एकेक तुकडा म्हणजे बांधी, हे तेव्हा कळलं. चार बांध्या मिळून तुमचं मैदान, आणि त्यांच्या मधून गुडघाभर उंचीचे बांध तसेच. खाली धानाची धसकटं. तुम्ही मला चपला काढायला लावल्यात. "चाला नलूबाई, मंग लिवा." चार पावलांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तुमची पोरं त्यावर अनवाणी पळत होती! बांध आला की पायाच्या चवड्यानं चेंडू हलकेच उचलायची, पलीकडे टाकायची आणि उडी मारून पुन्हा त्याला गाठायची. मला खेळ कळत नव्हता, पण ते बघत राहावंसं वाटलं एवढं खरं.

त्यात सुखदेव होता. सिंदेवाहीजवळच्या तलावाकाठच्या गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला, काटक. लहानपणापासून चिखलात मांडीएवढं उतरून जाळं ओढलेले पाय. त्याच्यासारखा चेंडू कुणीच उचलत नव्हतं. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "हा पोट्टा टिकला पाहिजे बस. घरून बोलावून राह्यले त्याले." मी 'हं' म्हटलं आणि विसरले. मग वहिनींनी तांदळाची भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी वाढली. ती मात्र अजून विसरले नाही.

त्याच हंगामात तुमचा संघ नागपूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला पोहोचला. कुणाचा विश्वास बसेना. तिथलं मैदान सपाट, हिरवंगार, पाण्यानं भिजवलेलं. पोरं त्यावरून हात फिरवून पाहत होती म्हणे. तुम्ही एका गोलनं मागे होतात. शेवटची दोन मिनिटं होती. सुखदेवच्या पायाशी चेंडू, समोरचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल मोकळा. नुसता ढकलायचा होता. सुखदेवनं तो उचलला. समोर बांध नव्हता, पण पायाला तो दिसला. चेंडू बारवरून गेला.

तुमचा फोन नागपूरहून आला. आधी आपली अकरा नावं. मग त्यांची अकरा. मग गोल. मग तुमचं एक वाक्य, जे मी लिहिता लिहिता थांबले होते: 'संघाच्या एका आघाडीच्या खेळाडूने सवयीने चेंडू उचलला. ती चूक त्याची नव्हे, तो ज्या जमिनीवर खेळ शिकला तिची.' मग तुम्ही म्हणालात, "नलूबाई, आजची नावं नक्की छापा बरं. एक पोट्टा हाये, त्याच्या घरी..." आणि लाईन कटली.

आता माझं ते खोटं वाक्य लिहिते, कोच.

त्या संध्याकाळी पान पाच ओळींनी जास्त होत होतं. सगळ्या बातम्या थोड्या थोड्या आवळल्या असत्या तर बसलं असतं. अर्ध्या तासाचं काम. माझी बल्लारपूरची गाडी वीस मिनिटांत होती. हरलेल्या संघाची नावं मोजली. बरोबर पाच ओळी. मी ती उडवली, पान सोडलं आणि धावत स्टेशन गाठलं. खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून खूशही होते.

दोन दिवसांनी तुम्ही आलात. तुम्हाला रागावलेलं पाहिलं होतं, पण तसं नाही. आवाजही चढला नव्हता. "कोनं कापलं?" एवढंच विचारलंत. आणि मी म्हणाले, "ऐनवेळी जाहिरात आली, कोच."

तेच ते वाक्य. जाहिरात नव्हती. त्या पानावर जाहिरातच नव्हती, तुम्ही नीट बघितलं असतंत तर दिसलं असतं. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तडक जाहिरात विभागात गेलात आणि तिथल्या बिचाऱ्या माणसाला असं काही सुनावलंत की तो पुढे कित्येक महिने खेळाच्या पानाकडे फिरकला नाही. मग माझ्या टेबलावर पेपरनं दिलेलं वार्ताहराचं ओळखपत्र ठेवलंत, पायऱ्या उतरलात, आणि वर्षभर तुमचा फोन आला नाही. मी रोज ठरवायची की आज पत्र लिहीन. कोच, मीच कापलं. रोज गाडीची वेळ व्हायची.

पाच ओळींसाठी माणूस एवढा का चिडतो, हे मला समजलं नाही. तुम्हाला ते कधी विचारताही आलं नाही, कारण विचारलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं.

पुढच्या वर्षी तुमच्या मैदानावर कॉलेजची नवी इमारत आली. फुटबॉल बंद झाला. तुम्हाला परीक्षेच्या कामाला लावलं, ते तुम्ही चार महिने केलंत आणि सोडलंत. एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिलात. गळ्यात शिट्टी नव्हती. मला ते बघवलं नाही. म्हणालात, "आता माह्याजवळ पोट्टे नाईत, नलूबाई. दुसऱ्यायच्या पोट्ट्यायची नावं सांगत जाईन. चालन का?"

चालेल का, विचारत होतात! मी ओळखपत्र खणातून काढून दिलं. वर्षभर तिथेच ठेवलं होतं.

मग तुम्ही दोन्ही जिल्हे पालथे घातलेत. आरमोरी, अहेरी, पार सिरोंचापर्यंत. एसटीनं, काळीपिवळी जीपनं, कधी बांबूच्या ट्रकवर बसून. जिथे चार बांबू उभे करून गोल केले असतील तिथे तुम्ही हजर. बातमीदार झालात, पण कोच तुमच्यातून गेला नाही. अहेरीकडच्या एका गावात सामना ऐन रंगात असताना तुम्ही मैदानात शिरलात, खेळ थांबवलात, एका संघाच्या बचावफळीला कुठे उभं राहायचं ते दाखवलंत, मग अन्याय नको म्हणून दुसऱ्याही संघाला शिकवलंत, आणि बाहेर येऊन मला फोनवर सांगितलंत, "लिवा, प्रेक्षकांतील एका जाणकाराने मार्गदर्शन केले."

एकदा एका माडिया खेळाडूचं नाव तुम्ही लालसू सांगितलंत आणि मी शहाणपणानं लालसिंग छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "त्याच्या मायनं लालसू ठेवलं. तुमी काऊन बदलवता? तुमाले कोनी नलिनीसिंग म्हटलं त?" मी दुरुस्ती छापली. तेव्हापासून नाव तीनदा विचारून घ्यायची सवय लागली. ती इतकी लागली की लेकीच्या लग्नात व्याह्यांचंही तीनदा विचारलं.

एक गोष्ट मी केली, ती तुम्हाला दिसली असेल. त्या दिवसानंतर हरलेल्यांची नावं मी एकदाही कापली नाहीत. जागा कमी पडली की बक्षीस देणारे कापले. प्रमुख पाहुणे, उद्घाटक, विशेष उपस्थिती, सगळे एका झटक्यात. एक पाहुणे थेट संपादकांकडे तक्रार घेऊन आले. मी तोंड पाडून म्हणाले, ऐनवेळी जाहिरात आली. तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पाहण्यात काही होतं का, कोच? मी किती वर्षं त्यावर विचार केला आहे. की तुम्हाला नुसता चहा हवा होता?

सांगायचे प्रसंग येत गेले. सगळ्यात शेवटचा दवाखान्यातला. तुम्ही उशांना टेकून बसला होतात, चष्मा लावूनही अक्षर दिसेनासं झालं होतं. मी म्हटलं, "कोच, एक सांगायचं होतं." तुम्ही म्हणालात, "आधी पेपर वाचा." मी खेळाचं पान वाचत गेले. तुम्ही मध्ये मध्ये डोळे न उघडता हुं हुं करत होतात. मी कबड्डीची बातमी संपवली आणि मान वर केली तर तुम्ही झोपला होतात. वहिनी म्हणाल्या, झोपू द्या, रात्रभर जागे होते. मी पेपर घडी करून उशाशी ठेवला आणि निघाले. मला हायसं वाटलं. हेही सांगून टाकते. हायसं वाटलं मला.

परवा तेरवीला सुखदेव आला. ओळखला नाही आधी. कानशिलं पांढरी, पोट सुटलेलं, पण चालताना पाय अजून उचलून टाकतो. शाळेत क्रीडाशिक्षक आहे, हे तुमच्याकडून ऐकलं होतं. पाया पडला आणि म्हणाला, "आबाचे गुडघे गेले, त्यायले येता नाई आलं. म्हनते, पेपरवाली बाई आली असन त घेऊन ये. चालता का? सांजेपर्यंत आनून सोडतो."

मी त्याच्या गाडीत बसले ते ठरवूनच. तुम्हाला सांगायचं राहिलं, निदान यातल्या एकाला तरी सांगू. नावं त्याचीही कापली होती. गाव मागे पडलं तसं मी सांगून टाकलं. सुखदेव, नागपूरच्या फायनलच्या बातमीत तुमची नावं नव्हती. ती जाहिरातीनं गेली नाहीत. मी उडवली. मला गाडी पकडायची होती.

 नागभीड येईपर्यंत तो नुसती गाडी चालवत राहिला. तिथे फाटक बंद होतं. गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "नाव नाई हे मले तवाच मालूम होतं. वाचता येत होतं न मले."

मग त्यानं सांगितलं. त्याचे आबा, म्हणजे वडील डोमाजी, यांना वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या खेळावर ते खूश नव्हते. कॉलेजात पाठवलं ते चेंडूमागे पळायला? घरी तलावाचं काम पडलेलं, हात कमी. त्यांनी अट घातली होती. लोक म्हणतात खेळणाऱ्याचं पेपरात नाव येतं. आलं तर शीक. नाही आलं तर घरी ये, जाळं धर. तुम्हाला हे ठाऊक होतं. 'एक पोट्टा हाये, त्याच्या घरी' यापुढचं हे होतं.

"पेपर आला," सुखदेव म्हणाला. "मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला. नाव कुठीच नाई. मी होस्टेलवरून पेटी बांधून घरी आलो. दुपारी कोच आले. एसटीनं सिंदेवाही, तिथून पायी. आबाच्या बाजूनं बाजेवर बसले. पेपर उघडला आन् वाचून दाखवलं. अकराबी नावं. नववं माहं. बोट ठेवून दाखवलं आबाले, हे पाहा म्हने."

"आणि तू?"

"मी काय बोलू? मी त्यायच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. त्यायनं मान वर नाई केली. जाताना तलावाच्या पारीवर मले एवढंच म्हनले, 'सुखदेव, आता तुले शिकाच लागन. नाई त मी खोटा पडतो.'"

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तरी त्याला गाडी सुरू करायला वेळ लागला.

आणि ते एकदाच झालं नाही म्हणे! दर वर्षी गावच्या मंडईला, म्हणजे धान कापल्यावरच्या जत्रेला, घरोघरी पाहुणे येतात, तेव्हा डोमाजी पेटीतून तो पेपर काढायचे आणि तुम्हाला वाचायला लावायचे. तुम्ही मंडईच्या त्या एका दिवशी सुटी घ्यायचात आणि मी चिडायची, हंगामात सुटी कसली? एका वर्षी कुणी शिकलेल्या पाहुण्यानं पेपर बघायला मागितला, तर तुम्ही तो घडी करून मांडीखाली घेतलात. "जुना हाये, फाटन." हे सांगताना सुखदेव हसला, मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना.

कोच, तुम्ही! लालसूचा लालसिंग केला म्हणून सकाळी सातला मला झापणारे तुम्ही! चूकही नावानिशी छापू न देणारे, पण एक अक्षर खोटं छापलं तर जेवणाला हात न लावणारे. तुम्ही तीस वर्षं मंडईच्या पाहुण्यांसमोर खोटं वाचत होतात, आणि ते वाचायची पाळी मी तुमच्यावर आणली होती. म्हणून चिडला होतात. मला का नाही सांगितलंत? मी नाही सांगितलं ते समजतं, मी भित्री. तुम्ही का नाही? लाज वाटली का तुम्हाला? माझ्यासमोर? मला तुमचा राग येतोय, आणि तो राग घेऊन भांडायला तुम्ही नाही आहात, हे काही बरोबर केलं नाहीत.

सुखदेवला मी विचारलं, तुला माझा राग आला असेल. तो म्हणाला, "आला त. खोटं काहाले बोलू? नागभीडपर्यंत लई आला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, आबासमोर मात्र काई नोका काढू."

तर ही अशी माझी कबुली, कोच. तीस वर्षांनी धीर केला, आणि जिथे ती द्यायची तिथे तोंड उघडायची बंदी.

डोमाजी अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा. मी वाकले तर म्हणाले, "पेपरवाली बाई होय का तुमी? कोचभाऊ सांगत होते, तुमीच छापलं म्हनून माह्या पोट्ट्याचं नाव." मी खाली बघितलं. सुखदेवनं खुर्ची आणली. म्हाताऱ्यानं नातसुनेला हाक मारली, आतून पत्र्याची पेटी आली, पेटीतून खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला पेपर निघाला. घड्या पडून पडून पानाचे आठ तुकडे झाले होते, कुणीतरी मागून पट्ट्या चिकटवल्या होत्या. माझं पान. मी लावलेलं. बातमीचं शेवटचं वाक्य, जमिनीच्या चुकीचं, आणि त्याखाली लगेच बल्लारपूरची कबड्डी. डोमाजींनी चाचपत बोट नेलं आणि बरोबर त्या कबड्डीवर ठेवलं.

"कोचभाऊ त गेले. यंदा मंडईले वाचनार कोनी नाई," ते म्हणाले. "तुमी वाचा."

मी सुखदेवकडे पाहिलं. तो तुळशीकडे बघत होता.

मी बातमी वाचली. मग बोटाखालच्या कबड्डीवर नजर ठेवून नावं सुरू केली. पाच आठवली. सहाव्याला अडले. म्हातारा वाट पाहून स्वतःच म्हणाला, "दिवाकर." मग सातवं त्यानं सांगितलं, आठवंही. त्याला सगळी पाठ होती. तुमच्या तोंडून ऐकून ऐकून, तुमच्याच क्रमानं. नववं मात्र त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडे तोंड करून थांबला.

"सुखदेव डोमाजी," मी वाचलं.

"हाव," तो म्हणाला. मग शेवटची दोन झाली. त्यानं थोडा वेळ मान हलवली आणि म्हणाला, "बरं वाचलं, बाई. पन कोचभाऊ याच्याहून जोरानं वाचत. बाजूच्या घरापर्यंत जाये आवाज."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, जोरानं.